मयुराला मारबत म्हणतात

नंदनवन, नागपूर
२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस शि. सा. न.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून हे पत्र. तुमच्या नातीनं वैताग आणलाय. सातवीत गेली, पण दप्तर म्हणजे उकिरडा! रोज केळ्याची सालं, खरकटे कागद. शिवाय सकाळ झाली की पोटदुखी. डॉक्टर म्हणतात, काही नाही.

एक गंमत सांगते. मारबतीची मिरवणूक झाल्यापासून शाळेच्या व्हॅनमधल्या मुली तिला मारबत म्हणतात. ती चढली की सगळ्या ओरडतात, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत! मला तर हसू आलं. ही मात्र फुगून बसते.

आशीर्वाद असावा.
तुमची प्रणाली

उमरेड
६ सप्टेंबर

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा कपाळावर हात मारला. सालं तूच लिहितेस, पोटदुखी तूच लिहितेस, मारबतही तूच, आणि तिन्हींचा मेळ तुला लागत नाही? मारबतीच्या पुतळ्यावर लोक आपली रोगराई, आपली घाण लोटतात. त्या पोरी तेच करून राहिल्या. अन् तू तिच्याच दप्तराला उकिरडा म्हणतेस! शेवटी मारबतीला नेऊन जाळतात, हे त्या लेकराला माहीत नाही का? तिले काहून हसू येईल, मले सांग.

आधी तिला जवळ घेऊन विचार. मग शाळेत लेखी तक्रार दे.

मयुराला गोड पापा. तुला आज नाही.
बाबा

नंदनवन
११ सप्टेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं खरं निघालं. खूप विचारल्यावर म्हणाली, सालं व्हॅनमधली धनश्री आणि तिच्या मैत्रिणी टाकतात. हिनं ती वाटेत फेकली, तर मारबतीनं घाण परत द्यायची नसते असं म्हणत दुसऱ्या दिवशी दुप्पट भरतात.

वर्गशिक्षिकेकडे गेले. त्या हसल्या, बाबा! म्हणाल्या, आपल्या नागपूरचीच तर प्रथा आहे, पोरी खेळतात, एवढ्याशासाठी तक्रारीचा कागद कशाला. माझा नुसता संताप झाला, पण कागद तसाच घेऊन परत आले. काय झालं, हे मयुरानं विचारलंसुद्धा नाही.

तुमची प्रणाली

उमरेड
१५ सप्टेंबर

चि. प्रणालीस आशीर्वाद.

बाई हसल्या म्हणून तू परत आलीस? शाळेला मुख्याध्यापिका नाहीत का? मयुराला सोबत ने. आपल्यासाठी कोण भांडतं, ते तिला दिसू दे. कागदावर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नको.

बाबा

नंदनवन
२० सप्टेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

काल गेलो. मुख्याध्यापिकाही आधी म्हणाल्या, पोरींचा खेळच तो. मग मी मयुराचं दप्तर त्यांच्या टेबलावर उलटं केलं. सालं, चिकट कागद, कुणाची तरी उष्टी पोळी. त्या हसल्या नाहीत. पोच मिळाली, धनश्रीच्या आईवडिलांना बोलावणं गेलं, आणि सोमवारपासून व्हॅनमध्ये एक मावशी बसणार आहेत. माझा अजून पुरता भरवसा नाही. पुन्हा जावं लागलं तर पुन्हा जाईन.

परतताना मयुरा बोलायला लागली. रस्ताभर बोलत होती. दाराशी पोचलो तरी तिचं संपलं नव्हतं. किल्ली माझ्या हातात होती, पण मी कुलूप काढलं नाही. तिथंच उभी राहून ऐकत राहिले.

असाच लोभ आणि असाच राग राहू द्या.
तुमची प्रणाली