शाब्बास, वैशालीताई

मंगळवार, संध्याकाळ

खोडदच्या वैशालीताईंना दवाखान्यात भेटून आले. पोटात गाठ निघालीय, पसरलीय. आमच्या फिटनेस स्टुडिओत त्या वजन कमी करायला यायच्या. काट्यावरचा आकडा एआयच्या ॲपमध्ये जायचा आणि ॲप माझ्या नावानं मेसेज पाठवायचं, 'शाब्बास, वैशालीताई!' शाब्बास! हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकत होत्या, ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ॲप बघतंय ना, म्हणून विचारलं नाही.

त्यांचे मालक म्हणाले, "मॅडम, डॉक्टरकडं चल म्हणून लई मागं लागलो व्हतो. ती तुमचा मेसेज दाखवायची."

ते शाब्बास मी लिहिलंच नव्हतं, हे सांगायचं धाडस झालं नाही. वैशालीताईंनी माझा हात धरला. "तुमी तेवढं माजं कौतुक केलं, मॅडम. दुसऱ्या कुनी नाय केलं."