हातोडा थोरल्याला, छन्नी धाकट्याला

मी, कुलूपवाल्याची बायको, दोन मुलांची आई, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असे लिहायची रीत आहे. दबाव आहे; पण दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे मी मधोमध सरळ बसू शकते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर दोघेही म्हणणार, “म्हातारीला भ्रम झाला होता.” दोघे एका जागी बसतील तेव्हाच हे वाचावे.

१. घर. उजवीकडचे थोरल्याचे, डावीकडचे धाकट्याचे; दोघांच्या दारांवर आपापल्या पक्षाचा झेंडा आहे. वाटणी त्यांनी माझ्या हयातीतच उरकली आहे, तीच कायम समजावी. मधली खोली माझी. तिला दोन दारे आहेत, एक थोरल्याच्या घरात उघडते, दुसरे धाकट्याच्या. तिसऱ्या दाराने तुमच्या वडिलांच्या कुलपांच्या दुकानात आणि तिथून थेट रस्त्यावर जाता यायचे. ते विटांनी बुजवले आहे. एकदा दात दुखला म्हणून मी थोरल्याच्या दाराने बाहेर गेले, तर धाकटा म्हणाला, “आई, लोकांनी पाहिलं ना तुला त्यांच्या झेंड्याखालून जाताना!” आणि महिनाभर बोलला नाही. पुढच्या खेपेला धाकट्याच्या दाराने गेले, तर थोरल्याने अन्नावर राग काढला. तेव्हापासून मी बाहेर पडलेच नाही. दात आपोआप पडले.

२. बांगड्या. दोन आहेत, सुनांना एकेक द्यावी. पोरी चांगल्या आहेत. नवरे घरात नसले की माझ्याकडे चहाला बसतात आणि एकाच सभेची गर्दी एकीच्या टीव्हीवर समुद्राएवढी आणि दुसरीच्या टीव्हीवर मूठभर कशी दिसते, यावर पोट धरून हसतात. नवरे आले की एकमेकींना ओळख देत नाहीत. दोन्ही टीव्ही माझ्या मालकीचे नाहीत, पण भिंती पातळ असल्यामुळे दोन्ही मलाच ऐकावे लागतात.

३. तुमच्या वडिलांचा मृत्यू. ही मालमत्ता तुम्ही मला न विचारता वाटून घेतलीत. दोघांच्या फलकांवर कपाळाला जखम असलेला त्यांचा तोच एक फोटो आहे. थोरला म्हणतो, दगड धाकट्याच्या लोकांनी मारला. धाकटा म्हणतो, थोरल्याच्या. मी शेजारी उभी होते. दगड कोणीच मारला नाही. त्यांच्या छातीत कळ आली आणि कोसळताना कपाळ कामाच्या टेबलाच्या कडेवर आपटले. रुग्णवाहिका कोपऱ्यापर्यंत आली होती. रस्त्यात दोन मोर्चे समोरासमोर ठाकले होते आणि आधी मागे कोण सरणार यावर अडून बसले होते. एकात तू होतास, दुसऱ्यात तू. मी दुकानाच्या दारात उभी राहून दोघांना नावाने हाका मारल्या. नंतर आत येऊन त्यांचे डोके मांडीवर घेतले, आणि ते तिथेच गेले.

घोषणांच्या गोंगाटात माझी हाक तुम्हाला ऐकू आली नाही, याचा राग नाही. नंतर शांतपणे सांगितले तेव्हाही ऐकू आली नाही, याचा आहे. थोरला म्हणाला, “म्हणजे रस्ता त्यांनीच अडवला!” धाकटा म्हणाला, “म्हणजे यांनीच!” अरे, दोघांनी अडवला. माझ्या एका वाक्याचीही तुम्ही घरासारखी वाटणी केलीत. मला त्यांची फार आठवण येते. पण रडले तरी इथे आधी विचारतात, कोणाच्या बाजूने रडतेस.

४. माझी शेवटची यात्रा. थोरल्याने तिच्यासाठी ध्वनिक्षेपक ठरवून ठेवला आहे, धाकट्याने भाषण लिहून ठेवले आहे. भिंतीआडून मी दोन्ही ऐकले. मी आयुष्यभर कोणत्या बाजूची होते, हे मला त्यातूनच समजले. तरी भाषण करू नये, झेंडा आणू नये. मला थोरल्याच्या दाराने नेऊ नये आणि धाकट्याच्याही दाराने नेऊ नये. दुकानाच्या दाराने न्यावे.

५. हत्यारे. तुमच्या वडिलांचा हातोडा थोरल्याला, छन्नी धाकट्याला. बाकीची मी मुद्दाम भंगारात दिली. दुकान कोणाचे हे ठरेना, तेव्हा कोणालाच नको म्हणून तिसऱ्या दारातली ती भिंत तुम्ही मिळून बांधलीत. एकाने विटा रचल्या, दुसऱ्याने सिमेंट कालवले. त्यानंतर तुम्ही एकत्र केलेले दुसरे काम मला आठवत नाही. आता तीच भिंत फोडायची आहे. धाकट्याने छन्नी धरावी, थोरल्याने हातोडा मारावा. बाबा रे, घाव जपून घाल, धरणाऱ्याची बोटे सांभाळ. दार मोकळे झाले की दोघांनी दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहून कलम तीन मोठ्याने वाचावे, रस्त्याला ऐकू जाईल असे. मग मला उचलावे.

गवंडी बोलावू नये. भिंत पडेपर्यंत मला हलवू नये. माझी काही गैरसोय होणार नाही. आत राहायची मला सवय आहे.

ठिकाण: मधली खोली.
तारीख: दोन्ही भिंतींवर दोन पक्षांची कॅलेंडरे आहेत. दोन्हींत आज महिन्याचा पहिला सोमवार आहे.
सही: कुलूपवाल्याची बायको

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई, थोरल्यांच्या दाराने आले.
वायरमन, धाकट्यांच्या दाराने आलो.

लिहिणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, सही केली. आम्ही दोघांनी हे एकाच वेळी पाहिले, आणि दोघांनी एकच पाहिले.