पडद्यामागचे ड्रम

१० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हसशील, पण ऐक. आमच्या बँडचा गवई आता नाटककार झालाय. परदेशातला आमचा पहिला हिवाळा, ते तळघर, ओले मोजे, रिकामे हॉल, सगळं रंगमंचावर आणलंय. माझं काम करणारा नट देखणा आहे, पण त्याला ड्रम येत नाहीत. तो नुसत्या काठ्या हलवतो, पडद्यामागून वाजवतो मी.

नाटकात मी आईच्या आठवणीने रडून बँड सोडून पळतो. गवई म्हणतो, गोष्टीला एक पळपुटा लागतोच. असो, पुन्हा ड्रमवर बसायला मिळालं. आईला पहिल्या प्रयोगाला घेऊन ये.

तुझा लोभ आहेच, टोमणे तेवढे आवर.
धाकटा

१८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

टोमणे आवरायला मी काय संत आहे? तिथल्या क्लबच्या मालकाला देखणा ड्रमर हवा होता, म्हणून गवयाने आणि बाकीच्यांनी तुला पाव आणायला पाठवलं. परत आलास तर तुझ्या स्टुलावर दुसराच. आणि आता गवयाच्या नाटकात तूच पळपुटा. चोर तो चोर, वर शिरजोर. तू मात्र मागे बसून त्याला ताल देणार.

आई अजून ती पावाची गोष्ट आठवली की भांडी आपटते. ती पहिल्या रांगेत बसणार आहे. तिच्यासमोर गप्प राहिलास, तर ते मात्र खरं पळणं होईल.

राग आला तरी लोभ ठेव.
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या पोरांना नेमकं कालच, पहिल्या प्रयोगाला, गालगुंड व्हायचं होतं. आई भाऊजींबरोबर आली.

माझ्या पळण्याचा प्रसंग आला. नटाने डोळे पुसले, बॅग उचलली, गेला. तिथे मी थांबायचं होतं. थांबलो नाही. रिकाम्या स्टुलामागून ड्रम वाजतच राहिले. लोक आधी हसले, मग टाळ्यांचा ठेका धरला. नव्या ड्रमरचं काम करणारा दुसरा नट काठ्या घेऊन विंगेतच अडकला. गवयाला माझ्या लयीत गावं लागलं.

प्रयोगानंतर तो सगळ्यांना सांगत होता की ही कल्पना त्याचीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आत आली. तिने पिशवीतून पाव काढला, त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, तुम्ही पोरांनी तेव्हा मागवलेला पाव द्यायचा राहिलाच होता, घे.

पोरांना पापे. आईवर माझ्या वाटचाही लोभ कर.
धाकटा