वांग्याचं जांभळं कापड

खाला, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की त्याआधी चोरी केली होतीत, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही असताना मी ते आडून आडून विचारलं, सरळ कधीच नाही. आता तुमच्या घराच्या जागी मुलींचं चार मजली होस्टेल उभं आहे आणि विचारायला कुणी उरलेलं नाही. तरी भाद्रपद लागला की मी महालक्ष्म्यांची ट्रंक उघडते, तुम्ही शिवलेल्या कापडी भाज्या झटकून उन्हात मांडते, आणि ते जांभळं वांगं हातात आलं की माझं डोकं पुन्हा फिरतं. माझ्याकडे भाड्यानं राहणाऱ्या पोरी, कुणी देगलूरची, कुणी जळकोटची, डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या, त्या आरास बघायला येतात आणि वांगं उचलून म्हणतात, "काकू, किती भारी! ऑनलाइन घेतलं का?" मी ते त्यांच्या हातून काढून घेते. पोरी चांगल्या आहेत, पण माझा कुणावर विश्वास बसत नाही. सण झाला की वांगं कपाटात, कुलपाच्या आत.

मी शाळेसाठी गावाहून मामांकडे राहायला आले तेव्हा तुमचं घर समोरच होतं. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई गावी एकटी शेत बघायची आणि बाजाराला आली की मला भेटून जायची. शाळा सुटली की मी तुमच्या ओट्यावर. गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या महालक्ष्म्यांपुढे तुमच्या हातच्या भाज्या असायच्या आणि त्यांचं कौतुक तुम्हालाच जास्त. गोल कापलेल्या कापडाच्या कडेनं धावदोरा घालायचा, मधे जुन्या गादीचा कापूस भरायचा, दोरा ओढला की तोंड मिटतं. मग वरून जाड दोरा आवळून फाका पाडल्या की भोपळा तयार. माझा भोपळा नेहमी एका अंगाला कलंडायचा. "उसव," तुम्ही म्हणायचात. "कापूस कोंबू नको, भर. पोत्यात ज्वारी भरून राहिलीस का?" या भाज्यांना कापड मात्र घरचंच: तुमच्या विरलेल्या साड्या, फाटक्या चादरी, पिठाच्या पिशव्या. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमधून उरलेली बोटभर चिंधीसुद्धा तुम्ही पुरचुंडीत बांधून ब्लाउजसोबत परत द्यायचात. सगळ्या लातुरात असं करणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल.

माझ्या आईला तेही पटायचं नाही. संशयी स्वभाव मी तिच्याकडूनच घेतला. ती ओट्यावर बसून पुरचुंडी सोडायची, चिंध्या मांडीवर जोडून बघायची आणि म्हणायची, "खाला, एवढं कापड दिलं, तरी बाह्या आखूडच? तुम्ही मारलंच कापड." तुम्ही मशीनवर हात ठेवायचात. "माझ्या घरात तुमची एक चिंधी घावली ना, तर ही मशीन विकून टाकीन मी." मग तुम्ही दोघी चहा प्यायचात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच भांडण आणि पुन्हा चहा.

मग गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हलली. आम्ही सगळे गल्लीत पळालो. लातुरातली आमची घरं उभी राहिली, आईचं राहिलं नाही. मामा गावी जाऊन आले, त्यांनी मला नेलं नाही. मी आईचं तोंड पाहिलं नाही. मातीच्या जाड भिंतींखाली सगळं गेलं, तिचं एक भांडं नाही, एक कपडा नाही, आणि फोटो होता तो एकच, लग्नातला, काळापांढरा. त्या दिवसांत मदतीचे ट्रकच्या ट्रक यायचे. त्यांतून जुन्या कपड्यांचे ढीग, लोकरीचे कोट, पँटी, झगझगीत साड्या. गावातले लोक ते हातात धरून बघत आणि खाली टाकत. कुणाच्या अंगावरचं, मेलेल्याचं की जित्याचं, काय ठाऊक. लातुरात आमच्या शाळेत ते ढीग निवडायला गल्लीतल्या बायका गेल्या, तुम्हीही गेलात, आणि येताना कुणी घेत नाही अशा कपड्यांचं एक गाठोडं घेऊन आलात. त्या गाठोड्यात मला काहीतरी जांभळं दिसलं होतं. दिसलं होतं म्हणजे दिसलं होतं, खाला.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तुम्ही मामांच्या घरी आलात आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर वांगं ठेवलंत. हिरव्या कापडाचा देठ, त्याला बारीक काटे दोऱ्यानं काढलेले. "तुझ्या आईच्या ब्लाउजचं कापड हाय," तुम्ही म्हणालात. मामी म्हणाल्या, "पण तुम्ही तर सगळं परत देता." तुम्ही खाली बघून म्हणालात, "येवढं एक ठिवून घेतलं होतं. रंग आवडला मला." मी वांगं नाकाला लावलं. नव्या दोऱ्याचा आणि जुन्या गादीचा वास आला, आईचा आला नाही. तरी मी रात्रभर ते सोडलं नाही.

सकाळी मात्र संशय उठला तो उठलाच: हे त्या गाठोड्यातलं तर नाही? ब्लाउज कधी शिवला, मी विचारलं. "पंचमीला आली होती तवा." महिन्याभरानं पुन्हा विचारलं, तर म्हणे दिवाळीला. मी पकडलं, तर तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणालात, "पोलीस हाईस का गं तू?" तिकडे गल्लीत गोष्ट पसरली होती. ज्या बायका डोळे मिटून तुमच्याकडे कापड टाकायच्या त्या आता तुमच्यासमोर मोजून द्यायला लागल्या, पुरचुंडी सोडून बघायला लागल्या. काही दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या. तुम्ही एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाहीत. मला ते दिसत होतं आणि माझा गुंता आणखीच वाढत होता. एका पोरीची समजूत काढायला कुणी स्वतःला चोर म्हणवून घेईल का? आणि खरोखर कापड मारलेली बाई ते आपण होऊन चारचौघांत कबूल करील का? दोन्ही मला खोटंच वाटायचं. तुम्ही शेवटच्या आजारात होतात तेव्हा मी आले, पाय चेपत बसले, पुन्हा विषय काढला. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "हाव बेटा, मारलं होतं कापड. वर गेले की तुझ्या आईची माफी मागते." त्यावरही मी रस्त्यानं विचार करत आले, की माया असलेला माणूस मरतानासुद्धा आपली थाप सोडत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना आमची चुलती आली होती. पुनर्वसनाच्या गावात राहते, आईची एकुलती जाऊ, आईला रोज पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस राहिलंय. आरास बघता बघता तिनं वांगं उचललं. मी सांगितलं, आईच्या ब्लाउजचं आहे. तिनं ते चष्म्याजवळ नेलं आणि परत ठेवलं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "तुझी आई जांभळं कधी घालतच न्हवती. उन्हात रंग जातो म्हणायची."

इतकी वर्षं मी ज्याच्या मागे होते ते असं समोर आलं, खाला, नैवेद्याचं ताट वाढता वाढता. मला वाटलं होतं, मी म्हणेन, बघा, मला माहीतच होतं. पण माझ्या तोंडून ठासून निघालं, "घालायची काकू. तुम्हाला आठवत नसंल. पंचमीला शिवलं होतं, लातूरला आली तवा. मी पाहिलंय तिच्या अंगावर."

चुलतीनं वांगं पुन्हा उचललं. त्यावरून अंगठा फिरवला.

"हाव," ती म्हणाली. "बाह्या आखूड झाल्या होत्या बघ त्याच्या. लई चिडली होती."

बाह्यांचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. मग तिला खरंच आठवलं, की आईच्या सगळ्याच ब्लाउजच्या बाह्या आखूड व्हायच्या म्हणून ती माझं मन राखायला तसं म्हणाली? एरवी मी तिला उलटेपालटे दहा प्रश्न विचारले असते. मी तिच्या ताटात भाजी वाढली.

मी आईला जांभळ्या ब्लाउजमध्ये कधी पाहिलं नव्हतं, खाला. पण त्या दिवसापासून ती आठवली की तशीच आठवते, आणि मला ती तशी हवी आहे.