चारशे सतरा मीटर

१७ ऑगस्ट, गुरुवार

दुर्बीण आली! रायफलीवर चढवायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून लहान मुलासारखा खेळलो. बटण दाबलं की अंतराचा आकडा आतच उमटतो, आणि नेम कुठं धरायचा तिथं लाल ठिपका लागतो. चर्चचा कळस ६१२ मीटर. गुन्वोरचं दार २३८.

गुन्वोरला सांगायची सोय नाही. थोरली बहीण, तीस वर्षं रेनडिअरच्या शिकारीला आम्ही दोघं बरोबर — आणि तिचं बाबांचंच पालुपद! दीडशे मीटरच्या पुढं गोळी नाही. तिथवर रांगत जायचं. अगं, पण कसं? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मोजे घालायला बसलो तर मला उठवायला माणूस लागतो. रांगतोय कुठला!

१९ ऑगस्ट

दगडाच्या जुन्या खाणीत सराव. चारशे मीटरवर रंगाचा डबा ठेवला. पाचपैकी पाच! साठी उलटल्यावर माणसानं एवढं खूश होणं बरं दिसत नाही. झालो खरा.

२६ ऑगस्ट, शनिवार

नर पडला! चारशे सतरा मीटर! जागच्या जागी — पाय झाडायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

मी काठी टेकत टेकत पोचेपर्यंत गुन्वोर पलीकडच्या खिंडीतून येऊन नराजवळ उभी. 'किती लांबून मारलास?' 'असेल दीडशे.' 'दीडशे मीटर यायला अर्धा तास?' 'गुडघा!' म्हणालो. ती हसली नाही.

सोलताना तिनं एका भोकात बोट घातलं, मग वळून दुसरीकडचं भोक बघितलं. 'आरपार गेलीय. मागं काय होतं?'

'काही नव्हतं.'

'बघितलंस?'

'आंधळा आहे का मी?'

इथं तरी खरं लिहावं. नाही बघितलं. दुर्बिणीच्या गोलात नर तेवढा मावत होता. केवढा मोठा, केवढा स्वच्छ! डोळा काढला तोवर कळप चढ चढून निघालाही होता. सगळ्यात मागं एक मादी. पिल्लू तिच्या पोटाशी. लंगडत होती का? तिथं दगड फार आहेत.

२७ ऑगस्ट, रविवार

मांस कापून, पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाकलं. कळपात एखादं मागं राहतंच. म्हातारं असतं, आजारी असतं.

मागचा डावा पाय. टेकत नव्हती. मला वाटतं, टेकत नव्हती.

नियम पोराटोरांना ठाऊक आहे: जनावर जखमी झाल्याची नुसती शंका आली तरी नंबर फिरवायचा, मग माग काढणारं कुत्रं येतं. आमच्या खोऱ्यात असं कुत्रं एकच, तस्सा. तस्सा गुन्वोरची. फोन उचलणार गुन्वोरच. म्हणजे आधी चारशे सतरा सांगा, मग 'बघितलं नाही' सांगा — आणि मग तिचं ऐका.

२८ ऑगस्ट, सोमवार

खुर्चीत बसवत नाही. उभा राहिलो तर गुडघा बोंब मारतो. तीनदा कॉफी केली, तीनदा ओतली.

गुन्वोरची गाडी सकाळपासून दारात नाही. बरंच झालं. संध्याकाळी वाफल्स घेऊन आली, बूट चिखलानं भरलेले. 'तस्साला पाय मोकळे करायला नेलं होतं.' मग एकदम, 'झोप लागते का रे?' 'न लागायला काय धाड भरलीय?' कॉफी प्यायली आणि गेली. मला काय, कुठं गेली होती हेही विचारायचं सुचलं नाही.

२९ ऑगस्ट

रस्ता संपतो तिथवर गाडी नेली. टपावर दुर्बीण टेकवून सगळं पठार धुंडाळलं. ७४०. ९१०. ११८५. दगड, दगड, आणखी दगड. काय पण यंत्र! प्रत्येक दगडाचं अंतर मीटरमध्ये सांगतं. पुढच्या ओढ्यापलीकडं जायला लागणारे पाय मात्र देत नाही.

३० ऑगस्ट

मांसाचा एक तुकडा तळला. ताट तसंच उचललं.

३१ ऑगस्ट, गुरुवार

गुन्वोर पुन्हा आली. ब्रेडवर ब्राऊन चीज ठेवत म्हणाली, 'मांस कसं लागलं?'

'छान.'

'काही सांगायचंय तुला?'

'पाऊस लागणार म्हणतात,' म्हणालो. भित्रा! साठी उलटलेला भित्रा!

भीती कसली, ते लिहूनच टाकतो. ती म्हणेल, 'ज्याला गोळीमागं चालत जाऊन बघता येत नाही, त्यानं रायफल खुंटीला टांगावी.' आणि ती बरोबर बोलेल. मग पुढच्या ऑगस्टमध्ये ती एकटी वर जाणार, मी खिडकीत बसून कळस मोजणार. हे मला सहन होणार नाही. म्हणून आज सहावा दिवस एक मादी तीन पायांवर फिरतेय, आणि पिल्लू तिच्यासाठी थांबत असेल. हेही सहन होत नाही.

१ सप्टेंबर

पाऊस लागला. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. ठेवला. पावसानं माग धुऊन जाईल तर बरं, असं क्षणभर वाटलं. लाज वाटते लिहायला.

२ सप्टेंबर, शनिवार

नंबर फिरवला. खिडकीतून तिचं दार दिसत होतं. तिनं परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं: नाव? ठिकाण? अंतर? मी म्हणालो, अस्मुंड. मोठ्या ओढ्यावरचा चढ. चारशे सतरा. मागं मादी होती, मी बघितलं नाही.

मग म्हणाली, 'ती मला सोमवारीच सापडली, अस्मुंड. तिथंच गोळी घालून सोडवली तिला. पिल्लू कळपाला लागलं. तेव्हापासून मी तुझ्या फोनची वाट बघतेय.'