दहापैकी सात माठ

दिघी

सौ. गोदूस, मोरूचा मनापासून नमस्कार.

फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. काल भट्टी उघडली. माझ्या दहा माठांतले सात न तडकता निघाले. मला शिकवणाऱ्या शेवंताकाकूंनी एकेक वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, "मोरू, आता बाजारात तुझ्या नावानं इक."

अपघातानंतर ट्रेलर चालवणं सुटलं, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी मला इथं कुंभारकाम शिकायला तूच धाडलंस. सारे हसत होते. तू एवढंच म्हणालीस, "हात शाबूत हायत ना? मग जा."

उजवा हात अजून थोडा थरथरतो, पण चाकावर माती आली की शांत होतो. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

एक माठ विकायचा नाही, असं काकूंना सांगितलंय. रविवारी आपल्या घरी घेऊन येतो. त्यातलं पाणी आधी तू पी.

तुझ्यामुळे पुन्हा उभा राहिलेला,
मोरू