ताईचे दोन फोटो

वणी, गुरुवार

प्रिय दिपाताई,

जयभीम. तुझा जुना लॅपटॉप अजून चालतो आहे, हे आधी सांगते. पंखा घरघरतो, मधूनच तापतो, पण चालतो. नागपूरला नोकरीवर रुजू होताना तू तो मला देऊन गेलीस, तेव्हा मी त्यावर परीक्षांचे अर्ज भरीन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी त्यावर लग्नाबारशाचे फोटो नीट करायला शिकते आहे. दुपारभर बसस्टँडमागच्या इंद्रजितदादांच्या स्टुडिओत असते, उरलेलं काम घरी आणते. बाबांचा गुडघा तसाच आहे. चालायला जातात, पण कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतच.

आधी मला वाटायचं, एकेक फोटो उघडायचा आणि चांगला दिसेपर्यंत त्याच्याशी झटापट करायची. एका बारशाचे फोटो मी असेच केले. बाळ एकात गुलाबी, दुसऱ्यात केशरी, तिसऱ्यात आजारी. दादा रागावले नाहीत. म्हणाले, "उर्वशी, आधी सगळे नुसते पाह्य. हात लावू नको." आता माझी एक रीत बसली आहे. कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर घ्यायचे आणि त्यांची एक प्रत लगेच हार्ड डिस्कवर, त्या घराच्या नावानं. मग झरझर बघत जायचं, डोळे मिटलेले, हललेले बाजूला काढायचे. वाकडं असेल ते सरळ करायचं, मग रंग, मग उजेड, मग कडेचं नको ते कापायचं. एक मनासारखा झाला की तोच रंग-उजेडाचा मेळ त्या जागेच्या बाकीच्या फोटोंना लावायचा. बारीकसारीक डाग अगदी शेवटी. आपल्याकडे त्यातच वेळ जातो. खाणींतल्या कोळशाची धूळ कॅमेऱ्यात शिरते आणि प्रत्येक फोटोत आभाळाच्या त्याच कोपऱ्यात ठिपका उमटतो.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या आवारात मी तुझा फोटो काढला होता. खीर वाटताना कुणाची तरी पळी सुटली आणि तू हसलीस, तो. पत्र्याच्या सावलीत तुझी पांढरी साडी निळसर आली होती, म्हणून रंगाच्या सरावाला मी तोच घेतला. साडी पांढरी झाली, तुझा सावळा रंग जसा आहे तसा परत आला, आणि हनवटीवरून मानेवर उतरलेला तुझा पांढरा डागही नीट दिसायला लागला. मी तिथंच थांबले होते. फोटो पूर्ण झाला होता.

आई मागं उभी होती. तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हनवटीवरचं तेवढं पुसून दे. बाकी काही करू नको." मी कायले म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पांढरकवड्याचं एक स्थळ आहे. फोटोच तं आहे, माणूस थोडीच बदलून राह्यलं?" बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. ताई, मी ते केलं. शेजारची कातडी घ्यायची आणि ब्रश फिरवायचा, एवढंच असतं. हनवटीखालची सावली जमवायला थोडं अवघड गेलं, पण जमलं, आणि जमलं याचं मला बरंही वाटलं. आईनं तो फोटो बायोडेटाबरोबर पाठवला. त्यांचा होकार आला. तुला आईनं फोनवर "रविवारी पाहुणे आहेत, सुटी काढून ये, बंद गळ्याचं ब्लाउज आण" एवढंच सांगितलं ना? तर हे त्याच्यामागचं आहे.

मुलाचं नाव प्रफुल्ल. हायवेला लागून त्याचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सोमवारी मी त्यांच्या बायोडेटावरचा त्याचा नंबर घेतला आणि तुझा खरा फोटो त्याला पाठवून दिला. सोबत लिहिलं की आधीच्या फोटोतला डाग मी पुसला आहे, तो कोडाचा आहे, दहावीपासून आहे. घरात कुणाला बोलले नाही. मंगळवारी दिवसभर काही आलं नाही. आईनं त्या दिवशी पोह्यांची, शेवेची तयारी काढली आणि मी तिला डबे पुसून देत होते.

काल दुपारी त्याचा फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते, म्हणून तो दुकानाच्या आत गेला आणि मग बोलला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मले दोन फोटो आले. दोन्ही तुमच्याच घरून. ताईंनी यातला कोणता पाठवा म्हनलं होतं?" मी खरं ते सांगितलं, की ताईला एकही माहीत नाही. तो म्हणाला, "मंग आधी त्यायले विचारा. मी घरी अजून काही सांगितलं नाही. त्या या म्हनतील तं रविवारी येतो, नाही तं नाही." तुझा नंबर मागितला. मी दिला नाही.

फोनवर तुझ्याशी बोलताना आई शेजारी असते, आणि मेसेज केला असता तर तू ड्युटीवरून "ठीक आहे" एवढं लिहून विषय मिटवला असतास. म्हणून हे पत्र, उद्या नागपूरला निघालेल्या दादांच्या हाती. आईनं तुला न विचारता डाग पुसून घेतला आणि मी तुला न विचारता तो दाखवून आले. मला वाटत होतं, मी तुझ्या बाजूनं उभी राहिले. त्या अनोळखी माणसानं विचारेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं की ही गोष्ट तुझी आहे. दोन्ही फोटो छापून सोबत ठेवले आहेत, मागं त्याचा नंबर आहे. त्याला फोन कर, करू नको, रविवारी ये, येऊ नको. लग्नच करायचं नसेल तर तेही सांग. आईला काय झालं ते आज संध्याकाळी मी सांगते, ते तुझ्यावर ठेवत नाही.

तू ठरवशील त्यात तुझीच,
उर्वशी